जखम कामगाराची, डॉक्टर कोणाचा?

तर्जनीचं टोक तुटलं, पण हाड शाबूत राहिलं, तर कायद्याच्या हिशेबात कामगाराची कमावण्याची क्षमता ५ टक्क्यांनी घटते. टोकासोबत एक पेर गेलं तर ९ टक्के, दोन गेली तर ११ आणि अख्खं बोट गेलं तर १४. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे आकडे ओळीने छापलेले आहेत. अंगठ्यापुढे ३० आहे आणि एका हाताच्या चार बोटांपुढे ५०.

या टक्क्यांचे रुपये करून पाहू. कामगाराचं वय ३० आहे. हिशेबासाठी २०२० पासून धरलेलं कमाल मासिक वेतन १५,००० रुपये. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि तिसाव्या वर्षासाठी कायद्याने दिलेला गुणक २०७.९८. गुणाकार होतो १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. याचे ५ टक्के म्हणजे साधारण ९३,६०० रुपये आणि ९ टक्के म्हणजे साधारण १,६८,५००. तुटलेल्या टोकाबरोबर हाडाचं पेर गेलं की फक्त मांस गेलं, एवढ्या फरकावर सुमारे पाऊण लाख रुपये अवलंबून असतात. एवढी रक्कम जमवायला प्रेस शॉपमधल्या हेल्परला कित्येक महिने लागतात.

हाड गेलं की नाही, हे कागदावर लिहितो तो डॉक्टर. म्हणूनच हा डॉक्टर कोणी निवडायचा, हा प्रश्न जखमी कामगाराच्या बाबतीत उपचारापुरता उरत नाही.

आपण तापाने आजारी पडतो तेव्हा डॉक्टरचं काम आपल्याला बरं करण्याचं असतं. कामावर जखमी झालेल्या माणसाचा डॉक्टर मात्र उपचार करता करता साक्षीदारही होतो. जखम कशी झाली, किती दिवस काम करता येणार नाही, माणूस कामाला फिट कधी होतो आणि कायमचं काय गमावलं, हे सगळं त्याच्या हस्ताक्षरात ठरतं. त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे पैसा असतो आणि तो पैसा मालकाच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या खिशातून जायचा असतो. ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्यानेच साक्षीदार निवडला तर काय होईल, हे सांगायला कायद्याचा अभ्यास लागत नाही.

कंपनीचा डॉक्टर अप्रामाणिक असतो असं मला म्हणायचं नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष ठेवणं बंधनकारक केलं. तिथल्या डॉक्टरने वेळेवर रक्त थांबवलं म्हणून कित्येकांचे हात वाचले आहेत. अडचण माणसात नसून त्याला ज्या जागी बसवलं आहे त्या जागेत आहे. त्याचा पगार उत्पादनाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडून येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हे ओळखून १९८५ च्या आपल्या १६१ क्रमांकाच्या करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवेतल्या माणसांना पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावं, आणि कामगार गैरहजर का राहिला याची कारणं तपासायला मालकाने त्यांना भाग पाडू नये. भारताने हा करार अजून मंजूर केलेला नाही.

आता आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्याकडे येऊ. १ जुलै १९२४ पासून लागू झालेल्या या कायद्यात ‘कामगाराला डॉक्टर निवडण्याचा हक्क आहे’ असं सरळ वाक्य कुठेही नाही. तरीही तो हक्क त्यात आहे. कलम ११ मध्ये तो इतका आडवळणाने बसवला आहे की वर्षानुवर्षं दावे लढवणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतो.

कलमाची सुरुवात मालकाच्या हक्कापासून होते. कामगाराने अपघाताची सूचना दिली आणि त्यानंतर तीन दिवसांच्या आत मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली, तर कामगाराने तपासणीला हजर राहिलं पाहिजे. तो गेला नाही किंवा त्याने अडथळा आणला, तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. पुरेसं कारण असेल तर गोष्ट वेगळी. इथपर्यंत वाचून माणूस समजतो की डॉक्टर मालकाचाच. पण हे कलम तपासणीबद्दल बोलतं आहे. उपचारांचा विषय त्याच कलमाच्या शेवटी, सहाव्या पोटकलमात येतो.

ते पोटकलम असं सांगतं. मालकाने देऊ केलेल्या डॉक्टरकडून उपचार घ्यायला कामगाराने नकार दिला, किंवा उपचार स्वीकारून सूचना जाणूनबुजून धुडकावल्या, तरी एवढ्यावरून त्याचं काही बुडत नाही. त्यानंतर त्याने दुसऱ्या कोणत्याही पात्र डॉक्टरकडून नियमित उपचार घेतले नाहीत किंवा त्याच्याही सूचना पाळल्या नाहीत, त्याचं हे वागणं अवास्तव होतं आणि त्यामुळे जखम चिघळली, हे सगळं सिद्ध व्हावं लागतं. आणि सिद्ध झालं तरी भरपाई रद्द होत नाही. नीट उपचार घेतले असते तर जखम जेवढी राहिली असती, तेवढ्या जखमेची भरपाई मिळते.

थोडक्यात, मालकाच्या डॉक्टरला तपासू द्यावं लागतं, पण त्याच्याकडूनच बरं व्हायला हवं अशी सक्ती नाही. आपल्या ओळखीच्या, गावाकडच्या किंवा सरकारी रुग्णालयातल्या पात्र डॉक्टरकडे नियमित उपचार घेणारा कामगार पूर्ण सुरक्षित आहे. ‘आमच्या डॉक्टरकडे आला नाहीस तर एक पैसा मिळणार नाही,’ असं सुपरवायझर सांगतो तेव्हा तो तपासणी आणि उपचार यांची गल्लत करत असतो, कधी नकळत आणि कधी हेतुपुरस्सर. भरपाईचा हक्क सोडून देणाऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर कलम १७ नुसार तो कागदही रद्दबातल ठरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. वैद्यकीय तपासणीची रचना संहितेत जवळपास तशीच आहे. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालत राहतील, म्हणून ही कलमं अजून बराच काळ कामाची आहेत.

मग कामगार सरसकट कंपनी नेईल त्याच नर्सिंग होममध्ये का जातो? उत्तर पैशात आहे. १९२४ पासून २०१० पर्यंत या कायद्याने उपचाराच्या खर्चाचा विचारच केलेला नव्हता. हात गेल्याची भरपाई होती, हात वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागण्याची सोय नव्हती. २००९ च्या दुरुस्तीने, १८ जानेवारी २०१० पासून, ‘प्रत्यक्ष झालेल्या वैद्यकीय खर्चाची परतफेड’ हे शब्द कायद्यात आले. त्या रकमेला कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि ती मिळवण्यासाठी मालकाच्याच डॉक्टरकडे जायची अटही नाही. माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टर निवडण्याच्या हक्काला खरं बळ मिळालं ते याच दुरुस्तीने.

पण परतफेड म्हणजे आधी खर्च करा, मग मागा. चाकण किंवा भोसरीत खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या, बिहार, विदर्भ किंवा मराठवाड्यातून आलेल्या मुलाकडे रुग्णालयात अनामत भरायला पन्नास हजार कुठून असणार? ती रक्कम ठेकेदार भरतो. गाडी कंपनीची असते, सोबत एचआरचा माणूस असतो. डॉक्टर निवडला जातो तो त्या क्षणी, आणि निवडणारा असतो अनामत भरणारा. कायद्याने उपचारांचा खर्च पहिल्या दिवसापासून थेट रुग्णालयाला देण्याची जबाबदारी मालकावर टाकली नाही, तोवर हा हक्क बहुतेकांसाठी अपुरा राहणार.

या अडचणीवर उपाय म्हणून उभी राहिलेली व्यवस्था म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा योजना. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये तिचा आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. तिची मूळ कल्पना फार मोलाची आहे. मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका स्वतंत्र निधीत जाते, आज मालकाची वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. डॉक्टरचे पैसे त्या निधीतून जातात. जखमी कामगाराचं बोट किती गेलं याने मालकाच्या खिशाला फरक पडत नाही, त्यामुळे डॉक्टरवर दबाव आणण्याचं एक मोठं कारणच नाहीसं होतं.

मुंबईत या योजनेने पॅनेल पद्धत स्वीकारली. वस्तीतले खासगी डॉक्टर योजनेच्या यादीवर येत आणि कामगार त्या यादीतून आपल्या घराजवळचा डॉक्टर निवडून त्याच्याकडे नाव नोंदवत असे. परळ-लालबागच्या चाळींत ‘पॅनेलचा डॉक्टर’ हा शब्द त्यामुळेच रुळला. दवाखाना घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, भाषा आपली आणि डॉक्टर पसंत नसेल तर नाव दुसरीकडे नेण्याची मुभा. गिरणी मालकांची तक्रार असे की गिऱ्हाईक टिकवण्यासाठी हे डॉक्टर सहज सुट्टीची सर्टिफिकेटं देतात. कामगारांची तक्रार असे की ते दोन मिनिटंही तपासत नाहीत. दोन्ही तक्रारींत तथ्य होतं. तरीही डॉक्टर निवडणं आपल्याला जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मुंबईचा हा अनुभव दाखवावा असा आहे. लाखो कामगारांनी अनेक दशकं हेच केलं.

मोठ्या दुखापतीत मात्र ईएसआयमध्ये निवड अरुंद होते. दवाखान्यातून ईएसआय रुग्णालय, तिथून करार केलेलं खासगी रुग्णालय, असा ठरलेला मार्ग असतो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. कायमच्या अपंगत्वाचे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवतं. ते अमान्य असतील तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. ही दुसरी पायरी फार थोडे कामगार चढतात. टक्क्यांवरची रक्कम आयुष्यभर दरमहा मिळत राहते, म्हणून पाच टक्क्यांचा फरकही तीस-चाळीस वर्षांचा फरक असतो.

ईएसआयची मर्यादा २१,००० रुपये मासिक वेतनाची आहे. त्याखालचा विमाधारक कामगार ईएसआयकडे, त्यावरचा मालकाकडे, अशी ढोबळ विभागणी आहे आणि दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. पण एक तिसरी अवस्था आहे आणि ती सर्वांत वाईट. सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांवर २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. बोटं गमावलेल्या अनेक कामगारांचं ईएसआयचं कार्ड अपघातानंतर काढलं गेलं, असं त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. कार्ड तयार होईपर्यंत हा माणूस नेमका कोणाचा रुग्ण असतो? ज्या खासगी दवाखान्यात ठेकेदाराने त्याला ठेवलं, त्याचा. आणि तिथल्या केसपेपरवर अपघाताची तारीखही कार्डाला जुळेल अशी पडण्याचा धोका असतो.

इतर देशांत या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी निघाली. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला, मालकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे तो सोपवला आणि त्यातूनच १८९० मध्ये बोखुम इथे खाणकामगारांसाठी अपघात रुग्णालय उभं राहिलं. तिथे दुखापतीमुळे दुसऱ्या दिवशीही काम करता येणार नसेल, तर कामगाराने या विम्याने मान्यता दिलेल्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवावं लागतं, पण अशा डॉक्टरांपैकी कोण, हे तो ठरवतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. न्यूयॉर्कमध्ये कामगार राज्याच्या मंडळाने मान्य केलेल्या डॉक्टरांतून स्वतः निवड करतो. इलिनॉयमध्ये त्याला मालकाच्या खर्चाने दोन डॉक्टर निवडता येतात, आणि त्या प्रत्येकाने पुढे ज्या तज्ज्ञाकडे पाठवलं तो वेगळा मोजला जात नाही. पेनसिल्व्हेनियात मालकाने किमान सहा नावांची यादी लावली असेल तर पहिले ९० दिवस त्यातल्याच कोणाकडे जावं लागतं. यादी नीट लावलेली नसेल तर कामगार पहिल्या दिवसापासून मोकळा. या सगळ्यांत मला पेनसिल्व्हेनियाची तरतूद सर्वांत शिकण्यासारखी वाटते. मालकाला अधिकार हवा असेल तर आधी यादी भिंतीवर लाव, कामगाराला लेखी कळव, असं तो कायदा म्हणतो. आपल्याकडे जखमी माणसाला त्याचा हक्क स्ट्रेचरवर असताना कोणीच सांगत नाही.

डॉक्टर बदलल्याने निदान कसं बदलतं, याचं आपल्याजवळचं उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांचं आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर परतलं की त्याच दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरता सरता आराम पडतो. कामाची चौकशी न करणाऱ्या डॉक्टरला हा साधा दमा किंवा जुना खोकला वाटतो. दम्याला भरपाई नाही, बिसिनोसिसला आहे, कारण तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. शल्यचिकित्सक डॉ. व्ही. मुरलीधर, कामगार आरोग्याचे कार्यकर्ते विजय कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतल्या कामगारांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त प्रसिद्ध झाला. छातीची तक्रार घेऊन वर्षानुवर्षं फिरणाऱ्या माणसांना ‘तुम्ही काय काम करता, कुठल्या खात्यात?’ असं विचारणारा डॉक्टर मिळाला. आजाराचं खरं नाव कागदावर आल्याशिवाय भरपाईचा दावा उभाच राहत नाही, आणि ते नाव लिहिण्याची मोकळीक गिरणीशी बांधील नसलेल्या डॉक्टरला होती.

डॉक्टरच्या मताला कुठे सीमा आहे, हेही सांगायला हवं. १९६८ मध्ये ओडिशातल्या जेपूर इथे एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की हे परिशिष्टाप्रमाणे अंशतः अपंगत्व. नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी विचार केला तो सुताराच्या कामाचा. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमावण्याची क्षमता पूर्ण गेली असं त्यांनी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये हाच निर्णय कायम केला. शरीराची हानी डॉक्टर सांगेल, पण रोजगाराची हानी माणसाच्या कामावरून ठरते. ज्या जखमा परिशिष्टात नाहीत, मणका, खांदा, जळाल्याने आखडलेले सांधे, त्यांत तर कमाईच्या क्षमतेचं मूल्यमापन पात्र डॉक्टरने करायचं असं कायदाच म्हणतो. तो डॉक्टर मालकानेच नेमलेला असावा, अशी अट नाही. म्हणून कामगाराने असा डॉक्टर शोधावा जो विचारेल की हे हात रोज नेमकं काय करत होते.

इथे एक इशारा. दाव्याच्या आदल्या दिवशी गाठलेल्या, कधीच उपचार न केलेल्या डॉक्टरचं गुळगुळीत प्रमाणपत्र कामगार न्यायालयात उलटतपासणीत टिकत नाही. निवड लवकर करायची असते, आणि निवडलेला डॉक्टर साक्षीला येईल का, हे आधीच विचारायचं असतं.

आणि सगळ्यात आधी येतो पहिला कागद. कामगाराला रुग्णालयात आणल्यावर तासाभरात जी नोंद होते, तिच्यात ‘कामावर प्रेस मशीनमध्ये हात सापडला’ असं लिहिलं जातं, की ‘घरी पडून’ किंवा ‘दुचाकीवरून घसरून’? पुढचे सगळे डॉक्टर, विमा कंपनी आणि न्यायालय या ओळीकडे परत परत जातात. बरोबर आलेल्या माणसाने कामगाराच्या वतीने बोलू नये, शुद्धीवर असेल तर कामगाराने स्वतः सांगावं आणि काय लिहिलं ते वाचून घ्यावं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली का, हेही विचारावं. तातडीच्या उपचारांसाठी कोणत्याही डॉक्टरला टाळाटाळ करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. त्यामुळे पोलिसी भानगड नको म्हणून खोटी नोंद करण्याचं कारण कोणत्याही रुग्णालयाला उरत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या उपचारांच्या नोंदी द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णांच्या हक्कांची सनद आणली. बिल कंपनीने भरलं म्हणून कागद कंपनीचे होत नाहीत. रुग्ण कामगार आहे, नोंदी त्याच्या आहेत.

तुमच्या घरातलं, चाळीतलं, वस्तीतलं कोणी पॉवर प्रेसवर, लेथवर, बांधकामावर किंवा गोदामात कामाला जात असेल, तर त्याला तीन गोष्टी आजच सांगून ठेवा. ईएसआयचा विमा क्रमांक आत्ता मागून घे आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. अपघात झालाच तर रुग्णालयात ‘कामावर लागलं’ हे स्वतःच्या तोंडाने सांग. कंपनीच्या डॉक्टरला तपासू दे, पण बरं कोणाकडून व्हायचं हे तू ठरव, आणि केसपेपरची प्रत मागितल्याशिवाय तिथून निघू नकोस.